चारशे अठरा नंबरचा चेहरा

६ फेब्रुवारी, मंगळवार

बँकेने नवीन वर्षाला दिलेली ही डायरी महिनाभर फोनखाली पडून होती. आज तिला काम मिळालं.

सकाळी साडेदहाला शिकागोहून फोन. लिलाव करणारी कंपनी, तिथल्या मिस व्हॅलन. आवाज तरुण पण अदबशीर. "आपण लॉयड हुबाचेक का? त्रेसष्ट साली बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये पिचर होतात ते?" कित्येक वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारलेला नाही. फोनवर मला लोक विचारतात ते गुडघ्याच्या पट्ट्याबद्दल नाहीतर गाडीच्या विम्याबद्दल. मी म्हणालो, "तोच."

तिने सांगितलं ते असं. त्रेसष्ट साली निघालेल्या, खेळाडूंचे फोटो असलेल्या बेसबॉल कार्डांच्या संचातलं माझं कार्ड, नंबर ४१८, त्यांच्याकडे विक्रीला आलंय. अॅरिझोनातल्या कुठल्या तरी दातांच्या डॉक्टरचं आहे. ते तपासणाऱ्यांकडे जाऊन आलंय. तिथे भिंग लावून कोपरे बघतात, रंग बघतात, चित्र बरोबर मध्ये छापलंय का ते मोजतात, आणि मग दहापैकी ग्रेड देऊन कार्ड कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करतात. माझ्या कार्डाला नऊ मिळालेत. नऊ मिळालेलं दुसरं जगात नाही.

"किती येतील?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"चार हजारांपासून पुढे."

डॉलर. मी खुर्चीत बसलो. मी मोठ्या लीगमध्ये अकरा सामने खेळलो. एक जिंकलो, चार हरलो, उरलेले सहा माझ्याशिवाय कोणाला आठवत नाहीत. नंतर चौतीस वर्षं रंगाचं दुकान चालवलं. आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी जगाला जाग आली म्हणायची.

शेवटी तिने एक बारीकसा प्रश्न केला. "कार्डावरचा फोटो आपलाच आहे ना? आमच्या काही तज्ज्ञांना शंका आहे."

"बाई, त्याच्याखाली नाव कोणाचं आहे?"

"आपलं."

"मग?"

"ठीक आहे, तसं लिहून घेते," ती म्हणाली.

अर्लीन स्वयंपाकघरात कोबी चिरत होती. आमच्या लग्नाला यंदा साठ वर्षं होतील, म्हणून तिला सगळं सांगायची सवय आहे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "फोटोचं विचारलं असेल."

"विचारलं."

"मग?"

"नाव माझं आहे असं सांगितलं."

"हं," ती म्हणाली आणि कोबीचा दुसरा गड्डा पुढे ओढला. आम्हा दोघांना अर्धा पुरतो.

१० फेब्रुवारी, शनिवार

दर शनिवारी आम्ही पाच-सहा जण सोळाव्या अव्हेन्यूवरच्या बेकरीत बसतो. कॉफी आणि कोलाची, म्हणजे आलुबुखारा भरलेली गोड पेस्ट्री. मी बातमी सावकाश सांगायची ठरवली होती, पण खुर्ची ओढतानाच तोंडून गेली.

"चार हजार?" मिलो म्हणाला. मिलो झेलेंका, आमच्या भागातल्या सगळ्या डोक्यांवर पन्नास वर्षं कात्री चालवलेला माणूस. "लेका, तुझ्या दुकानातला सगळा रंग मिळून तेवढ्याचा नव्हता."

"डबीत बंद केलंय म्हणून भाव आहे," मी समजावलं. "हवा लागत नाही, बोटं लागत नाहीत."

"मग अर्लीनने तुला का नाही बंद करून ठेवलं? आज किती आले असते."

"आणि ह्याला स्वतःला किती ग्रेड मिळेल?" पलीकडून कोणीतरी.

"गुडघे सोडून सात," मी म्हणालो.

मिलोने बशीतले कण बोटाने गोळा केले. "फोटो तोच ना? दुकानात गल्ल्यामागे लावला होतास तो?"

"तोच."

"बरोबर," तो म्हणाला, आणि सगळ्यांनी एकदमच कॉफीचे कप तोंडाला लावले. मत्सर वाटतो लोकांना. मी मनावर घेत नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

ही वही माझ्याखेरीज कोणी वाचणार नाही, तेव्हा लिहून टाकतो.

फोटो माझा नाही.

त्रेसष्टच्या मार्चमध्ये सारासोटाला संघाचं शिबिर होतं. कार्ड कंपनीचा फोटोवाला यायच्या आदल्या दिवशी माझी दाढ सुजली. सकाळी आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा पोपनसाएवढा. माझ्या खोलीत डेल ऑस्टरगार्ड राहायचा. तोही आयोवाचाच, इथून साठ मैलांवरच्या गावचा. तो माझ्याहून जोरात चेंडू टाकायचा, फक्त चेंडू कुठे जाईल ते त्यालाही ठाऊक नसायचं. मी म्हणालो, "माझा शर्ट घाल, टोपी घाल आणि जाऊन उभा राहा. त्याला काय कळणार आहे?" डेल उभा राहिला आणि हसला. फोटोवाल्याने शर्टावरचा नंबर बघून नाव लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं.

नऊ दिवसांनी डेलला घरी पाठवलं. एकच जागा होती आणि ती मला मिळाली. पुन्हा त्याला कोणी बोलावलं नाही. त्याने जन्मभर धान्याच्या कोठारावर काम केलं.

उन्हाळ्यात च्युइंगमच्या पुड्यांतून कार्डं बाहेर आली. नाव माझं, चेहरा डेलचा. कंपनीला काही आठवड्यांत चूक कळली. त्यांनी ती छपाई थांबवली आणि माझा खरा फोटो घालून नवी कार्डं काढली. त्या फोटोत मी उन्हाकडे बघतोय आणि माझे कान दिसतायत. ते कार्ड आजही दीड डॉलरला मिळतं. दुकानात मी पहिलं लावलं, कारण तो फोटो चांगला आला होता. तो मी आहे असं मी कधी कोणाला सांगितलं नाही. लोक तसं समजायचे. मी फक्त नाही म्हणालो नाही.

डेलचं आणि माझं बोलणं एकाहत्तर सालापासून बंद आहे. कारण अगदी क्षुल्लक. जत्रेत अग्निशमन दलाच्या मदतीसाठी मला टेबल मांडून सह्या करायला बसवलं होतं. रांगेत डेलची आई आली. तिच्या हातात ते कार्ड होतं, तो चेहरा असलेलं. ते माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "हा कोण आहे ते यावर लिही." डेल तिच्यामागे उभा होता. मागे चाळीस माणसं होती, ऊन होतं, मी घाईत होतो. मी नेहमीसारखी माझी सही केली. म्हातारीने ती वाचली, कार्ड पर्समध्ये ठेवलं आणि 'आभारी आहे' म्हणून निघून गेली. डेल नंतर गाड्यांपाशी येऊन मला एकच वाक्य बोलला, ते इथे लिहीत नाही.

एवढ्याशा सहीवरून त्रेपन्न वर्षं. काही लोकांना मन मोठं करताच येत नाही.

अर्लीन आणि त्याची बायको व्हर्ना मात्र दर रविवारी फोनवर तासभर बोलतात. त्यांनी आमच्या भांडणाची दखलच घेतलेली नाही.

७ मार्च, गुरुवार

कॅटलॉग आला. माझ्या कार्डाला दोन पानं दिलीत. वाचायला बसलो आणि कॉफी गार झाली.

"खेळाडूच्या म्हणण्यानुसार फोटो त्याचाच. मात्र तज्ज्ञांच्या मते कानांची ठेवण जुळत नाही. छायाचित्रातील व्यक्ती अज्ञात. चुकीच्या छायाचित्राची अत्यल्प कार्डे बाहेर पडल्याने दुर्मीळ." खाली दोन्ही फोटो शेजारी शेजारी, आणि माझ्या कानाला पांढरा बाण.

म्हणजे भाव माझा नाहीच. मी त्यात नाही, म्हणून भाव आहे. जे खरं माझं आहे ते दीड डॉलरचं.

तासभर अंगणात फिरून आलो. मग ठरवलं, हे कार्ड आपणच घ्यायचं. घरात आणून ठेवलं की तज्ज्ञ गेले आणि त्यांचे बाण गेले. कॉम्प्युटर अर्लीनचा आहे, त्यावर ती गोधड्यांच्या ऑर्डरी घेते आणि मला हात लावू देत नाही. शिवाय तिला हे कळायची गरज नाही. दुपारी वाचनालयात गेलो. तिथले व्होन्ड्रा भले गृहस्थ आहेत. त्यांनी माझं नाव नोंदवून दिलं. लिलावात नाव दिसत नाही, नुसता नंबर दिसतो. माझा २२०७. पहिली बोली ४,२०० माझी.

व्होन्ड्रा म्हणाले, "नातवासाठी घेताय का?"

मी म्हणालो, "गुंतवणूक."

१२ मार्च, मंगळवार

११३९ नंबरच्या कोणीतरी ४,४०० केले. मी ४,६०० केले. पेन्सिल उचलायला वाकलो तेवढ्यात त्याचे ४,८००. व्होन्ड्रा म्हणतात त्यांनी एवढी चुरस पाहिलेली नाही. त्यांनी दुसरा लिलावही पाहिलेला नाही.

१७ मार्च, रविवार

काल वाचनालय बंद होताना ६,७५०. ११३९चे. बाकीचे सगळे गळाले, आता तो आणि मी. कोणीतरी पैसेवाला असणार, कॅलिफोर्नियाचा. अशा लोकांना खेळाचं काही नसतं. नुसतं आपल्याकडे असावं एवढंच असतं.

जेवताना अर्लीनने व्हर्नाकडच्या बातम्या सांगितल्या. डेलने त्याची बोट विकायला काढली आहे. वीस वर्षं जपलेली, दर रविवारी जिच्यात बसून मासे धरायचा, ती.

"पैशांची तंगी असेल," मी म्हणालो. मला वाईट वाटलं. खरं म्हणजे वाईट वाटलं असं वाटून बरं वाटलं.

"तंगी नाही, काहीतरी डोक्यात घेतलंय म्हणते. आणि रोज वाचनालयात जाऊन बसतो."

"डेल? डेलने जन्मात पुस्तक उघडलेलं नाही."

"तेच व्हर्ना म्हणते." अर्लीनने बटाटे माझ्याकडे सरकवले. "तू काय वाचतोस रे हल्ली तिथे?"

"इतिहास," मी म्हणालो.

ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होती. मग उठून तिने व्हर्नाला पुन्हा फोन लावला. आत्ताच तासभर बोलली होती. बायकांचं काही सांगता येत नाही.

२१ मार्च, गुरुवार

काल सकाळी ७,५०० केले आणि दोन दिवस ११३९ गप्प. घाबरला. मी व्होन्ड्रांना सांगितलं की पिचिंगचं हेच असतं, समोरच्याला विचार करायला वेळच द्यायचा नाही.

डेलच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन काल झालं. चांगलं झालं म्हणे. दोन दिवस पट्टी.

२२ मार्च, शुक्रवार

११३९ परत आला. सकाळी नऊलाच ८,०००.

२८ मार्च, गुरुवार

ब्यूक विकली. सहासष्टची, उघड्या टपाची. गॅरेजमध्ये चादरीखाली असायची आणि वर्षातून एकदा चार जुलैच्या मिरवणुकीत निघायची. डॅव्हनपोर्टचा माणूस आला, साडेनऊ हजार देऊन घेऊन गेला. त्याने ती कोपऱ्यावरून वळवली तेव्हा मी आत आलो.

अर्लीनला सांगितलं की छप्पर दुरुस्त करायला पैसे लागतील.

"छपराचे पैसे आहेत. वेगळे ठेवलेत."

"जास्त लागले तर."

"बरं," ती म्हणाली. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. मी उत्तरं तयार ठेवली होती.

२ एप्रिल, मंगळवार

१०,५०० माझे, ११,००० त्याचे. व्होन्ड्रांनी मला संग्राहकांच्या एका पत्रातला लेख छापून दिला. लिहिणारा नावाजलेला जाणकार आहे म्हणतात. त्याचं म्हणणं असं की चुकीच्या छपाईच्या कार्डांकडे आता मोठे गुंतवणूकदार वळले आहेत आणि नंबर ४१८ची चढती बोली हा बाजाराच्या आत्मविश्वासाचा पुरावा आहे. "दोन्ही बोलीदार अनुभवी आणि थंड डोक्याचे दिसतात."

लेख घडी करून पाकिटात ठेवला. मी मोठा गुंतवणूकदार आहे हे मला माहीत नव्हतं.

१४ एप्रिल, रविवार

आज दुपारी चारला लिलाव संपायचा होता आणि वाचनालय रविवारी बंद. हे माझ्या लक्षात आलं शनिवारी संध्याकाळी. म्हणून अर्लीनला सांगावं लागलं. मी दोन वाक्यं बोललो असेन, तर ती म्हणाली, "कॉम्प्युटर लावून ठेवलाय."

साडेतीनला १२,०००. माझे साडेबारा. त्याचे तेरा. चाराला दहा मिनिटं असताना मी साडेतेरा केले. ब्यूकचे साडेनऊ आणि माझे साठवलेले चार, झालं. पुढे माझ्याकडे काही नव्हतं. चाराला सहा मिनिटं असताना ११३९चे चौदा आले.

अर्लीन कॉफी घेऊन माझ्यामागे उभी होती. तिने कप ठेवला. "छपराचे पैसे हवे असतील तर घे."

मी वळून पाहिलं. ती टोमणा मारत नव्हती.

"गळतंय ना," मी म्हणालो.

"बादली आहे."

ती असं म्हणेल हे माझ्या गावीही नव्हतं. माझं बोट बटणावर होतं. काय झालं सांगता येत नाही, तिने नको म्हटलं असतं तर मी दाबलं असतं. मी पडद्यावरचा तो चेहरा पाहिला. तेवीस वर्षांचा डेल, डोळ्यांत ऊन, नुकतंच कोणीतरी काहीतरी चांगलं कबूल केल्यासारखा हसणारा. हाताची घडी घातली आणि मिनिटं जाऊ दिली.

"गेलं," चार वाजता मी म्हणालो.

"कोणाकडे तरी गेलं," अर्लीन म्हणाली. मग फोन घेऊन खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

१७ एप्रिल, बुधवार

मिस व्हॅलनचा फोन. ज्याने कार्ड घेतलं त्याची एक मागणी आहे. मी नोटरीपुढे सही करून लेखी द्यावं की फोटोतला माणूस कोण आहे.

"मी सांगितलं होतं ना."

"सांगितलं होतंत. त्यांना खरं हवंय." थोडं थांबून ती म्हणाली, "माफ करा, हे त्यांचे शब्द आहेत."

"आणि नाही दिलं तर?"

"तर काही नाही. कार्ड त्यांचंच आहे. पण ते म्हणाले की किंमत वाढो की पडो, त्यांना फक्त कागद हवा."

"कोण आहे हा माणूस?"

"नाव सांगता येत नाही. वयस्कर आहेत. आयोवाचेच."

दिवसभर विचार केला. आयोवाचा, वयस्कर, खऱ्याखोट्याचा एवढा सोस. निवृत्त प्राध्यापक असावा, इतिहासाचा. अर्लीनला विचारलं, "कोण असेल?"

तिच्या हातातली सुई थांबली. "लॉयड, तुला खरंच कळत नाही?"

"प्राध्यापक असेल."

"असेल," ती म्हणाली आणि पुढचा टाका घातला.

२२ एप्रिल, सोमवार

पाच दिवसांत सात कागद फाडले. पहिल्यात मी दाढेबद्दलच दीड पान लिहिलं होतं. दुसऱ्यात फोटोवाल्याची चूक होती. तिसऱ्यात कंपनीची. अर्लीनने सातही टोपलीतून काढून वाचले असावेत, कारण आज ती म्हणाली, "या सगळ्यात त्याचं नावच नाही."

आठवा असा:

"१९६३च्या संचातील कार्ड नंबर ४१८ वरच्या पहिल्या फोटोत मी नाही. तो डेल ऑस्टरगार्ड आहे. माझ्या सांगण्यावरून त्याने माझा शर्ट घातला होता. त्याच्या आईने १९७१ साली मला हे लिहायला सांगितलं होतं. मी लिहिलं नाही. तेव्हा मला घाई नव्हती."

शेवटचं वाक्य कसं आलं माहीत नाही. खोडणार होतो. पेन खाली ठेवलं.

२३ एप्रिल, मंगळवार

बँकेत नोटरीचं काम करते ती मिलोची पुतणी निघाली. तिने कागद पूर्ण वाचला, ओठ हलवत. मग शिक्का मारला आणि म्हणाली, "झालं, मिस्टर हुबाचेक." माझे कान तापले होते. शनिवारपर्यंत सगळ्या गावाला कळणार.

२७ एप्रिल, शनिवार

बेकरीत जाणार नव्हतो. अर्लीनने गाडीची किल्ली हातात दिली.

सगळे होते. मी कॉफी घेतली, बसलो आणि म्हणालो, "दुकानातला तो फोटो माझा नव्हता."

मिलो म्हणाला, "साखर दे इकडे."

"मी काय म्हणालो ऐकलंस का?"

"ऐकलं. अरे बाबा, चाळीस वर्षं तुझे केस मी कापले. कानांच्या भोवतीनेच कापावे लागतात. मला नाही कळणार?"

मी एकेकाकडे पाहिलं. कोणी दचकलं नव्हतं.

"तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

"माझ्या बापाला माहीत होतं," एक जण म्हणाला. "त्यानेच मला सांगितलं, लॉयडला फोटोचं विचारू नको, रंगात सूट देतो तो."

"मग कोणी बोललं का नाही?"

"तू एवढा खूश दिसायचास," मिलो म्हणाला. "आणि रंग चांगला होता."

एकसष्ट वर्षं मी ह्या माणसांना फसवत होतो आणि ती मला सांभाळून घेत होती. मला वाटलं होतं आज फार लाज वाटेल. वाटली, पण ज्यासाठी तयारी केली होती त्यासाठी नाही. मी दुसरी कोलाची मागवली.

५ मे, रविवार

चर्चहून येऊन बूट काढत होतो तर दारात गाडी थांबली. अर्लीनने आधीच टेबलावर चार ताटं मांडली होती. ते मी पाहिलं होतं, पण मोजलं नव्हतं.

दार उघडलं. समोर व्हर्ना आणि तिच्यामागे एक उंच, वाकलेला म्हातारा, डोळ्यांवर काळा चष्मा.

"लॉयड," तो म्हणाला.

"डेल."

"११३९," तो म्हणाला.

मला दोन क्षण लागले. मग मी दाराची चौकट धरली.

"आत या," अर्लीन मागून म्हणाली. "माश्या येतायत."

बसलो. मी बायकोकडे वळलो. "तुला माहीत होतं?"

"मार्चपासून. तू म्हणालास इतिहास वाचतो, आणि तोही म्हणाला होता इतिहास वाचतो. व्हर्नाने आणि मी अर्ध्या तासात जुळवलं."

"आणि गप्प बसलीस? चौदा हजार डॉलर, अर्लीन. माझी ब्यूक, त्याची बोट."

"त्रेपन्न वर्षांनी तुम्ही एकमेकांना उत्तरं देत होतात," ती म्हणाली. "मी मध्ये कशाला बोलू?"

"पंधराच्या वर गेलं तर कॉम्प्युटरची वायर काढायची असं ठरलं होतं," व्हर्ना म्हणाली. "दोन्ही घरी."

डेलने खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली. कडक प्लास्टिक, वर नऊचा आकडा, आत तो स्वतः, तेवीस वर्षांचा. मी हात लावला नाही.

"माझ्याकडे हे होतंच," तो म्हणाला. "अशी सहा आहेत. त्या उन्हाळ्यात आई गावोगावच्या दुकानांतून च्युइंगम घेत सुटली होती. दात नव्हते तिला. च्युइंगम सगळं शेजाऱ्यांच्या पोरांना वाटायची. कार्डं वहीत डिंकाने चिकटवलीत, म्हणून त्यांना कोणी दोनसुद्धा ग्रेड देणार नाही."

"मग हे कशाला घेतलंस?"

"कागदासाठी. कंपनीने मागितला तर तू देशील असं वाटलं."

"मला फोन केला असतास तर…"

"तर?"

मी विचार केला. तिघेही थांबले होते. "नसता दिला," मी म्हणालो.

डेलने मान हलवली. हिशोब जुळल्यावर माणूस हलवतो तशी. मग म्हणाला, मिस व्हॅलनच्या मते कागदासकट विकलं तर दुप्पट येतील. तो ते शरदातल्या लिलावात ठेवणार आहे. ज्यातला चेहरा कोणाचा ते कळलेलं आहे असं चुकीचं कार्ड, हे म्हणे फारच दुर्मीळ. मला वाटलं होतं तो ते छातीशी धरून बसेल.

"अर्धे तुझे," तो म्हणाला. "शर्ट तुझा होता."

मी नको म्हणालो. तो आणखी एकदा म्हणाला नाही.

मग त्याने दुसऱ्या खिशातून एक पाकीट काढलं. त्यात तेच कार्ड, उघडं, कडा मळलेल्या, पाठीला जुन्या डिंकाचे पिवळे डाग. सोबत पेन आणलं होतं. कार्ड माझ्यापुढे ठेवलं.

मी चष्मा पुसला. मनगट टेबलावर टेकवलं आणि फोटोच्या खाली सावकाश, एकेक अक्षर काढत नाव लिहिलं. डेल ऑस्टरगार्ड. शाई वाळेपर्यंत धरून ठेवलं आणि त्याच्याकडे दिलं.

त्याने काळा चष्मा वर केला. नव्या डोळ्याजवळ धरून बराच वेळ पाहिलं. व्हर्नाने त्याच्या दंडावर हात ठेवला.

"माझ्या नावात शेवटच्या 'गार्ड'मध्ये ए दोनदा येतो," तो म्हणाला. "तू एकदाच लिहिलास."

मी पाहिलं. खरंच एकच होता. "दुसरं काढ," मी म्हणालो, "पाच आहेत ना अजून."

"राहू दे," डेल म्हणाला आणि कार्ड शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं. मग अर्लीनला विचारलं की जेवायला काय आहे.

डुकराचं मांस, डंपलिंग आणि कोबी होता. कोबीचे दोन गड्डे केले होते. डेलने तीनदा घेतला, आणि निघताना पुढच्या रविवारी काय आहे ते विचारून गेला.